‘कार्बन तो कार्बन’ म्हणणाऱ्या भाऊंना खुले पत्र

प्रति,
मिक्सर, पंखा, कूलर, पाण्याची मोटर, ड्रिल, राउटर आणि अडल्यावेळी इस्त्रीसुद्धा दुरुस्त करून देणारे आदरणीय भाऊ,
मेन लाइन, यवतमाळ जिल्हा.



तुमचं नाव आणि गाव मुद्दामच लिहीत नाही. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात पुसदचा वाचक म्हणेल, हे आमच्या इथलेच. वणीचा म्हणेल, छे, हे तर आमचे. दोघांनाही आपापला माणूस डोळ्यांपुढे आणता यावा, एवढाच हेतू. तुम्हाला मात्र हे पत्र तुम्हालाच आहे हे दुसऱ्या परिच्छेदात कळेल. सेल्फचं कार्बन कुणी कुणाच्या राउटरमध्ये कोंबलं, हे कोंबणाऱ्याच्या लक्षात राहतंच.

पत्रास कारण की, तुमचा जाहीर सत्कार करावा असं आमच्या कारखान्यात ठरलं आहे. कारखाना म्हणजे टिनाची शेड, दोन मिस्त्री, एक शिकाऊ पोरगा आणि भुशाचा ढीग, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सत्काराचं कारण असं की, जे काम नेटानं केलं तर पाच मिनिटांत उरकतं, ते तुम्ही दोन दिवस ठेवून घेतलंत. जी वस्तू झिजावी म्हणूनच बनवली जाते ती तुम्ही वाचवलीत, आणि जी झिजू नये म्हणून तिचा सगळा खटाटोप असतो ती तुम्ही जाळून दाखवलीत. असा उलटा करिश्मा सगळ्यांना जमत नाही.

वाचकांना थोडं सांगायला हवं, कारण राउटर म्हटलं की हल्ली लोकांना वायफायचा डबा आठवतो. आमचा राउटर म्हणजे सुताराचं मशीन. खाली कटर लावायचा, दाराच्या पल्ल्याच्या कडेनं फिरवायचा. गोलाई येते, खाच पडते, देव्हाऱ्याची महिरप उमटते. मागच्या पिढीनं पटाशी आणि गोल रंद्यानं दिवसभर जे काढलं ते हे मशीन चहा निवायच्या आत काढतं. लग्नसराईत कपाट-दिवाणाची कामं अंगावर असताना ते खोकायला लागलं. बटण दाबलं की चालायचं, मध्येच थांबायचं, अंगावर टपली मारली की पुन्हा सुरू. टपलीनं चालणारी मोटर म्हणजे कार्बन संपत आलेली मोटर, हे आमच्या पोरालाही कळतं. त्याला तुमच्याकडे धाडलं आणि निरोप दिला : दोन्ही कार्बन बदला, त्याच मापाचे टाका, पैसे लागतील ते घ्या. तुम्ही पैसे लागतील ते घेतलेत. निरोपाचा तेवढाच भाग तुमच्या कानात शिरला असावा.

बिलावर तुम्ही स्वच्छ अक्षरात लिहिलंत, ‘ओरिजिनल कार्बन जोडी’. अक्षर खरंच सुंदर आहे.

मशीन परत आलं ते दिवाळी घेऊनच. मागच्या जाळीतून निळ्या ठिणग्यांची अख्खी माळ फिरताना दिसत होती. दोन-चार पल्ले झाले आणि जळका वास सुटला. पुन्हा तुमच्याकडे. तुम्ही नुसतं हुंगून निदान केलंत, “आर्मेचर गेलं न भाऊ. आता यात काही राह्यलं नाई. नवीन घेऊन टाका, माझ्याकडं हाय एक.” असणारच! जुनं मशीन मारायचं आणि तेरवीच्या जेवणाचं कंत्राटही आपणच घ्यायचं, याला धंद्याची दूरदृष्टी म्हणतात.

मशीन न विकता परत आणलं आणि उघडलं. आत जे दिसलं ते मी आजही एका डबीत ठेवलं आहे. कुणी पाहायला मागितलं तर दाखवतो. डाव्या घरात आमचंच जुनं कार्बन, झिजून नखाएवढं उरलेलं. ते टेकावं म्हणून तुम्ही त्याची स्प्रिंग नोजप्लायरनं ओढून लांब केली होती. उजव्या घरात नवं. पण हे नवं काळं नव्हतं. कानशीनं घासलेल्या बाजूवर उजेड पडला की तांबूस झाक यायची. बाजूंवर आडव्या-तिडव्या चरा, एक कोपरा उडालेला, आणि मापाला इतकं सैल की बोटानं हललं तरी घरात खुळखुळायचं. भाऊ, हे गाडीच्या सेल्फचं, म्हणजे स्टार्टर मोटरचं कार्बन होतं.

आता तुम्ही म्हणाल, नव्हे तुम्ही पोराला म्हणालातच, “कार्बन तो कार्बन, त्यात काय येवढं?” तर त्यात काय एवढं ते सांगतो. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा वाचा.

या मोटरच्या पोटात फिरणारा गोळा म्हणजे आर्मेचर. त्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांची गोल चकती असते, तो कॉम्युटेटर. दोन पट्ट्यांच्या मध्ये अभ्रकाचा पातळ पडदा, म्हणजे एकीची वीज दुसरीत जाऊ नये. बाहेरची वीज या फिरत्या तांब्यापर्यंत पोचवायची कशी? वायर जोडली तर ती पहिल्याच फेऱ्यात पिळून तुटेल. म्हणून दोन बाजूंनी दोन कार्बन स्प्रिंगनं दाबून त्यावर टेकवलेले असतात. ते घासत राहतात, वीज देत राहतात आणि स्वतः झिजत राहतात. राउटर मिनिटाला २५,००० फेरे घेतो असं धरा आणि कॉम्युटेटरची जाडी इंचभर धरा. हिशेब केला तर कार्बनखालून तांबं ताशी ११५-१२० किलोमीटर वेगानं धावतं. तासभर मशीन चालवलं तर तुमच्या त्या इवल्या तुकड्यानं यवतमाळहून निघून कळंब, देवळी, वर्धा मागे टाकलेलं असतं आणि तो नागपूरच्या रस्त्याला लागलेला असतो, तोही सगळी वाट पोटावर घसटत.

इतकं घासून तांबं टिकतं कसं? कारण कार्बन मऊ असतो. त्यातलं ग्राफाइट स्वतःच वंगणाचं काम करतं आणि तांब्यावर चॉकलेटी रंगाचा एक पातळ थर चढवतं. चांगल्या चाललेल्या मोटरचा कॉम्युटेटर चकचकीत तांबडा नसतो, तो असा काळपट चॉकलेटी असतो. (तुम्ही तो काच पेपरनं घासून लख्ख केला होतात. मेहनत दिसली.) झिजायचं ते शंभर-दीडशे रुपयांच्या जोडीनं, आणि वाचायचं ते हजारांत जाणाऱ्या आर्मेचरनं, असा हा करार आहे. तो शहाण्या माणसांनी फार विचारानं केला आहे. पहिल्या डायनामोंना तांब्याच्या तारांच्या जुड्याच लावलेल्या असायच्या. तांब्यावर तांबं घासायचं, ठिणग्या उडायच्या, दोन्ही खराब व्हायचं. स्कॉटलंडचे जॉर्ज फोर्ब्स यांनी १८८५ साली तांब्याऐवजी कार्बन टेकवण्याचं पेटंट घेतलं आणि हा त्रास मिटवला. त्या माणसाच्या उतारवयात हालाखी इतकी झाली की मित्रांना त्याच्यासाठी पैसे उभे करावे लागले. शोध लावणाऱ्याला पैसा मिळाला नाही, तो बिलावर ‘ओरिजिनल’ लिहिणाऱ्याला मिळतो. पण ते असो.

मुद्दा असा की, ज्या तांब्याला फोर्ब्स साहेबांनी बाहेर काढलं त्याला तुम्ही १४० वर्षांनी यवतमाळ जिल्ह्यात परत आत घेतलंत. सेल्फच्या कार्बनमध्ये तांब्याची भुकटी मिसळलेली असते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. तिथे व्होल्टेज थोडं, करंट प्रचंड, तोही दोन-चार सेकंदांपुरता. वाटेत अडथळा नको म्हणून तिथे तांबं लागतं. आमचं मशीन २३० व्होल्टवर तासन् तास चालतं. इथे कार्बन एका वेळी शेजारच्या दोन पट्ट्यांवर टेकतो आणि तेवढ्या क्षणापुरती त्या पट्ट्यांमधली वेटोळी शॉर्ट होतात. कार्बनचा स्वतःचा अडथळा जास्त असतो म्हणून तो शॉर्ट आवाक्यात राहतो. तुमचा तांबूस तुकडा तिथे बसला आणि शॉर्टला मोकळं रान मिळालं. दर पट्टी सुटताना ठिणगी, मिनिटाला २५,००० फेऱ्यांनी. त्यात एक कार्बन नवा-सैल आणि दुसरा जुना-आखूड, म्हणजे एका बाजूला थरथर आणि दुसऱ्या बाजूला अर्धपोटी टेकण. कार्बन नेहमी जोडीनं बदलतात ते कंपनीचा गल्ला भरावा म्हणून नव्हे. आणि ताणलेल्या स्प्रिंगबद्दल काय बोलू? ती पहिल्याच तापात ढिली पडली.

काही मशीनांत तर कार्बनच्या पोटात एक बारीकशी खुंटी बसवलेली असते. कार्बन ठरावीक मर्यादेपर्यंत झिजला की ती बाहेर येते, कार्बनला तांब्यावरून उचलते आणि मोटर आपोआप बंद पडते. म्हणजे ‘मला बदला’ असं तो तुकडा मरता मरता सांगून जातो. तुमच्याकडे अशी मशीनं आली की तुम्ही ती खुंटी उपटून टाकता आणि “अजून महिनाभर चालते” म्हणता, असं ऐकून आहे. खोटं असेल तर आनंदच.

तुमच्या बाजूनं मांडलेल्या सबबी इथे नोंदवायला हव्यात, नाहीतर एकतर्फी होईल.

पहिली सबब लाइनीची. “लाइन कमी-जास्त होऊन रायली, त्याले मी काय करू?” यात तथ्य आहे. व्होल्टेज पडलं की मशीन मंद होतं, मिस्त्री ते तेवढ्याच जोरानं लाकडात रेटतो आणि करंट वाढतो. त्यात पन्नास फुटांची बारीक एक्स्टेन्शन वायर असली तर विचारूच नका. ही गोष्ट मान्य. पण लाइन खराब आहे हे ठाऊक असताना १२ व्होल्टचं कार्बन बसवणाऱ्याला काय म्हणायचं?

दुसरी सबब सागाची. “पांढरकवड्याचं सागवान हाय भाऊ ते, मशीन खाऊन टाकते.” हेही निम्मं खरं. सागाच्या लाकडात सिलिका असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. त्यानं कटरची धार लवकर बोथट होते, बोथट कटरनं मोटरवर ताण येतो, आणि तो बारीक भुसा जाळीतून आत जाऊन कार्बनच्या घरात बसतो. झरी, घाटंजी, पांढरकवडा या पट्ट्यात साग घरोघरी. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या सुताराला कार्बन इतरांपेक्षा लवकर तपासावे लागणार, आणि त्याच्या मापाचे कार्बन ठेवणारं दुकान इथे आधी हवं. तुम्ही कारण बरोबर सांगितलंत, फक्त त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा काढलात.

तिसरी सबब मात्र मला मनापासून आवडली. “उन्हाळा पाह्यला का? हवेत पाणीच नाई. कोरड्या हवेनं कार्बनचा भुगा होते.” भाऊ, हे तुम्ही कुठे वाचलंत माहीत नाही, पण ही गोष्ट खरोखर घडलेली आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंच उडायला लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरचे कार्बन, जे जमिनीवर शेकडो तास चालायचे, ते आकाशात बघता बघता पिठासारखे उडून जायला लागले. शोध घेतला तेव्हा कळलं की ग्राफाइटला घसरायला हवेतली वाफ लागते आणि तिथे वर ती जवळजवळ नसतेच. मग कार्बनमध्ये निराळी रसायनं मिसळून तोड काढावी लागली. तेव्हा तुमचं तत्त्व शंभर टक्के बरोबर. आता आपल्या मे महिन्याचं गणित करू. पारा ४४ वर आणि आर्द्रता अवघी १५ टक्के धरली तरी एक घनमीटर हवेत नऊ ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, कारण तापलेली हवा पोटात पुष्कळ वाफ धरते. ३०,००० फुटांवरच्या गोठलेल्या हवेत ते एका ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढंही मुश्किलीनं असतं. आमची शेड विमानतळाच्या बाजूला नाही, आणि आम्ही पल्ले जमिनीवरच घडवतो. यवतमाळच्या उन्हाळ्यावर पुष्कळ गोष्टींचं बिल फाडता येतं, हे एक तेवढं फाटत नाही.

आता तुम्ही मेलेलं ठरवलेल्या आर्मेचरची खुशाली. ते मी एका वाइंडिंगवाल्याकडे नेलं. त्यानं ते ग्रोलरवर, म्हणजे आर्मेचर तपासायच्या यंत्रावर ठेवलं, वरून हॅकसॉचं पातं धरलं आणि आर्मेचर हळूहळू फिरवलं. कुठे वेटोळं आतून शॉर्ट असेल तर पातं तिथे फडफडायला लागतं. पूर्ण फेरा झाला, पातं गप्प. मग मीटरची दोन टोकं शेजारशेजारच्या पट्ट्यांवर ठेवत गेला. आकडा सगळीकडे सारखा. बॉडीला कुठे लागत नव्हतं. “वाइंडिंग एकदम बरं हाय,” तो म्हणाला, “वरून फक्त तोंड भाजलंय.” लोहाऱ्याच्या एमआयडीसीत खरादवाल्यानं कॉम्युटेटरवर केसाएवढा कट मारला. पट्ट्या उतरल्या तसं अभ्रक वर राहिलं, तेव्हा वाइंडिंगवाल्यानं हॅकसॉच्या तुटक्या पात्याचं टोक घासून बारीक केलं आणि एकेक फट खरवडून अभ्रक तांब्याच्या खाली घेतलं. डोळ्याला चष्मा, तोंडात सुपारी, आणि एका पट्टीचा कोपरा उडाला नाही. त्याला मी तुमच्याबद्दल काही सांगितलं नाही. त्यानंच चकतीवरचे काळे डाग पाहून विचारलं, “सेल्फचं टाकलं होतं का कोणी?” म्हणजे तुमची ख्याती तुमच्या पुढे चालते.

कार्बनची जोडी नागपूरहून मागवली. प्लग काढला, घरातला भुसा ब्रशनं झाडला, नवं आत सरकवलं. स्वतःच्या वजनानं आत-बाहेर होतंय ना, अडकत नाही ना, एवढं पाहिलं. टोप्या लावल्या आणि दहा-पंधरा मिनिटं मशीन कमी वेगावर रिकामं चालवलं, म्हणजे कार्बनच्या तोंडाला कॉम्युटेटरची गोलाई येते. ठिणगी आहे, पण शिस्तीची. कार्बनच्या कडेलाच निळसर, पुढे पसरत नाही. हे सगळं तुम्हाला येत नाही असं मला एक क्षणही वाटत नाही. तीस वर्षं दुकान चालवणाऱ्याला येतं. म्हणूनच तर हे पत्र. अडाण्याला मी समजावलं असतं.

सरकारबद्दलही तुमची तक्रार असते, तेव्हा तेही पाहून घेऊ. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. अठरा व्यवसायांत सुतार आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत आहे. योजनेला वर्ष झालं त्याचा कार्यक्रम तर पंतप्रधानांनी २० सप्टेंबर २०२४ ला शेजारच्या वर्ध्यातच घेतला. म्हणजे आपल्या भागात राउटर, ट्रिमर, ड्रिल आणखी वाढणार. दोन वर्षांनी त्यांचे कार्बन संपतील आणि ही सगळी जत्रा तुमच्या काउंटरवर येईल. त्यातली किती मशीनं तुम्ही मेलेली ठरवाल, याच्या विचारानं माझी झोप उडते आणि बहुधा तुमची गोड होते. दुसरीकडे केंद्राच्या ग्राहक खात्यानं ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळ सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरातली टिकाऊ उपकरणं, वाहनं हे चार प्रकार त्यांनी धरले. सुताराच्या हातातलं मशीन त्यात स्पष्टपणे कुठेच बसत नाही. बसलं असतं तरी तो हक्क कंपन्यांकडून सुटे भाग आणि माहिती मिळवण्यासाठी आहे. सुटा भाग शेजारच्या शहरात मिळत असताना तो न मागवणाऱ्या भाऊंसाठी अजून कायदा झालेला नाही.

आणि आपला जिल्हा काही मोडलं की फेकणाऱ्यांचा नव्हे. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर शकुंतला रेल्वेला १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून एप्रिल १९९४ पर्यंत ओढत होतं. सत्तर वर्षं! त्याचे झिजलेले भाग वेळोवेळी कुणीतरी बदललेच असतील, आणि तेव्हा “इंजिन गेलं न भाऊ, माझ्याकडं हाय एक” म्हणणारं कुणी फलाटावर उभं नसावं.

तर मागण्या मोठ्या नाहीत. आपल्या भागात चालणाऱ्या चार-सहा मशीनांच्या मापाचे कार्बन एका डब्यात ठेवा. नसले तर “नाहीत, परवा मागवतो” म्हणा. गिऱ्हाईक थांबतं. दोन्ही बदला. काढलेले जुने तुकडे गिऱ्हाइकाच्या हातात द्या. एवढंच. यात तुमचं नुकसान नाही, उलट कार्बनवर तुम्हाला चार पैसे सुटतातच, तेही दर वर्षी. नवं मशीन मात्र गिऱ्हाईक एकदाच घेईल आणि पुढच्या खेपेला तुमच्या दुकानावरून मान वळवून जाईल. हा हिशेब तुम्हाला कळत नसेल तर त्या सुंदर अक्षरात एकदा मांडून पाहा.

कळावे, लोभ असावा; मशीनवर नसला तरी चालेल.

आपला,
तुम्ही ‘नवीन घेऊन टाका’ म्हटलेला, पण न घेतलेला
एक सुतार

ता. क. – उजव्या बाजूच्या कार्बनची टोपी तुमच्याकडे राहिली आहे. तिच्या जागी काळी चिकटपट्टी लावून मशीन परत आलं होतं. ती टोपी सुटी मिळत नाही, जोडीनंच मिळते, आणि मी ती जोडीनंच घेतली. पोरगा बुधवारी बाजाराला येईल. टोपी त्याच्याजवळ द्या, किंवा पैसे द्या. ‘ओरिजिनल’ कार्बनचे जे घेतलेत त्यातून वळते करून घेतलेत तरी हरकत नाही.